फिलमाँट : दान दिलेले डोंगर

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या ईशान्य भागात, सिमरॉन या लहानशा गावाला लागून फिलमाँट स्काउट रँच पसरलेले आहे. रॉकी पर्वताची सांग्रे दे क्रिस्तो ही रांग इथे पूर्वेकडच्या गवताळ मैदानात उतरते. रँचचे क्षेत्र १ लाख ४० हजार एकरांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे ५६७ चौरस किलोमीटर आहे. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान त्यात पाच वेळा मावेल. शिबिराचा मुख्य तळच साडेसहा हजार फुटांवर आहे, कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंच. सर्वांत उंच शिखर बाल्डी, १२,४४१ फूट. १९३९ च्या उन्हाळ्यात इथे पहिली स्काउट मुले आली. तेव्हापासून दहा लाखांहून अधिक लोक या शिबिरात येऊन गेले आहेत, आणि हल्ली एका उन्हाळ्यात बावीस हजारांच्या आसपास मुले-माणसे इथल्या वाटा तुडवतात.

अमेरिकेत स्काउटांची उन्हाळी शिबिरे गावोगावी भरतात. त्यांचा साचा ठरलेला असतो : एखादे तळे, काठाला तंबू, भोजनगृह, आठवडाभर पोहणे, नाव वल्हवणे, धनुर्विद्या, आणि शेवटच्या रात्री शेकोटी. फिलमाँट या साच्यात बसत नाही. इथे मुले एका जागी राहत नाहीत. पाठीवर सॅक घेऊन ती बारा-बारा दिवस डोंगरातून चालतात, रोज नवा मुक्काम करतात, आणि वाटेवरच्या प्रत्येक मोठ्या मुक्कामावर त्या भूमीच्या भूतकाळातला एखादा तुकडा स्वतःच्या हातांनी जगून पाहतात. हे शिबिर समजून घ्यायचे, तर आधी ती जमीन समजून घ्यावी लागते, कारण शिबिराचा सारा अभ्यासक्रम तिच्यातूनच आला आहे.

या दऱ्याखोऱ्यांत माणसाचा वावर फार जुना आहे. उत्तर पोनिल खोऱ्यातल्या खडकांवर प्राचीन रहिवाशांनी कोरलेली चित्रे आजही दिसतात. पुढे हिकारिया अपाची आणि ऊट या जमातींचा हा प्रदेश झाला. स्पेनची सत्ता गेली, मेक्सिको स्वतंत्र झाला, आणि १८४१ मध्ये, तेव्हा मेक्सिकोत असलेल्या न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर मानुएल आर्मिहो यांनी कार्लोस बोबियन आणि ग्वादालूपे मिरांडा या दोघांना इथली प्रचंड जमीन इनाम म्हणून दिली. त्या जमिनीवर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांना कुणी विचारले नाही. बोबियन यांचे जावई लुसिएन मॅक्सवेल यांनी १८४८ मध्ये रायाडो इथे वसाहत केली. दुसऱ्या वर्षी त्यांचे मित्र, वाटाडे म्हणून अमेरिकाभर नाव असलेले किट कार्सन, तिथे राहायला आले. मिसूरीहून सांता फेला जाणाऱ्या व्यापारी वाटेचा डोंगराकडचा फाटा याच भागातून जात असे. मैदानातून येणाऱ्या गाड्यांना दुरून एक उघडाबोडका, दातासारखा कडा दिसे. तो दिसला की सांता फे आठवडाभराच्या अंतरावर आले, असा हिशेब वाटसरू करत असे सांगितले जाते. ९,००३ फुटांच्या त्या कड्याला 'टूथ ऑफ टाइम' म्हणतात. आज तो फिलमाँटची खूण बनला आहे.

हळूहळू सारे इनाम मॅक्सवेल यांच्या हाती आले. १८६६ मध्ये बाल्डी शिखराच्या परिसरात सोने सापडल्याची बातमी फुटली आणि खाणकऱ्यांची झुंबड उडाली. मॅक्सवेल यांनी १८७० मध्ये जमीन विकली आणि ती एका परदेशी भांडवलाच्या कंपनीकडे गेली. कंपनीने तिथे आधीपासून राहणाऱ्या शेतकऱ्यांना आणि गुराख्यांना हुसकायला सुरुवात केली, त्यातून कॉलफॅक्स परगण्यात खूनखराबा झाला. अखेर १८८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७,१४,७६५ एकरांवर कंपनीचा हक्क मान्य केला. जंगलतोडीच्या कंपन्या आल्या, लाकूड वाहायला खोऱ्यात रेल्वे आली, खाणी चालल्या आणि बंद पडल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जमीन मोठ्या-मोठ्या रँचमध्ये विभागली गेली होती. त्यांपैकी काही रँच वेट फिलिप्स यांनी घेतली.

वेट फिलिप्स यांचा जन्म १९ जानेवारी १८८३ रोजी आयोवा राज्यातल्या शेतकरी कुटुंबात झाला. सोळाव्या वर्षी ते आणि त्यांचा जुळा भाऊ वायेट घर सोडून पश्चिमेकडे निघाले. रेल्वेवर, खाणीत, मिळेल तिथे मजुरी करत दोघे रॉकी पर्वताच्या मुलखात हिंडले. ही भटकंती तीन वर्षे चालली. १९०२ मध्ये अपेंडिक्स फुटून वायेटचा मृत्यू झाला आणि वेट एकटे घरी परतले. पुढे थोरल्या भावांच्या पाठोपाठ ते ओक्लाहोमात तेलाच्या धंद्यात शिरले. फ्रँक आणि एल. ई. या भावांनी फिलिप्स पेट्रोलियम ही कंपनी काढली. वेट यांनी स्वतःचा वेगळा व्यवसाय उभा केला आणि १९२५ मध्ये तो अडीच कोटी डॉलरला विकला. न्यू मेक्सिकोतली जमीन ते १९२२ पासून घेत होते. वाढत वाढत त्यांचे रँच तीन लाख एकरांवर गेले. आपल्या आडनावाला डोंगरासाठीचा स्पॅनिश शब्द जोडून त्यांनी त्याला फिलमाँट नाव दिले. सिमरॉनजवळ त्यांनी एडवर्ड ब्यूलर डेल्क या वास्तुविशारदाकडून भूमध्य सागरी धाटणीचे 'व्हिला फिलमाँटी' हे उन्हाळी घर बांधून घेतले, आणि आत डोंगरात, ओढ्यांच्या काठी, घोड्यावरून येऊन मुक्काम करण्यासाठी लाकडी ओंडक्यांची विश्रामगृहे उभारली.

फिलिप्स यांनी १९३० च्या दशकात काही स्काउट पथकांना आपल्या जमिनीवर तंबू ठोकायची परवानगी दिली होती. ही मुले डोंगरात कशी राहतात, हे त्यांनी पाहिले. त्यांना स्वतःला रॉकी पर्वत किशोरवयात भेटला होता, तोही भावासोबत. दान देण्यामागची सगळी कारणे एका माणसाच्या मनातून बाहेर काढता येत नाहीत. पण ज्या वयाच्या मुलांना त्यांनी हे डोंगर दिले, त्याच वयात त्यांनी रॉकी पर्वताचा मुलूख पायाखाली घातला होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात ठळकपणे दिसते.

१९३८ मध्ये त्यांनी ३५,८५७ एकर जमीन बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका या संस्थेला दिली. स्काउटांच्या 'रोज एक सत्कृत्य' ('गुड टर्न') या नियमाची आठवण ठेवून शिबिराला 'फिलटर्न रॉकीमाउंटन स्काउटकँप' असे नाव मिळाले. पहिले तळ पोनिल खोऱ्यात होते. आरंभीची संख्या लहान होती. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाहून न्यू मेक्सिकोच्या कोपऱ्यात मुले आणायची हीच मोठी मोहीम असे. तरी प्रयोग जमतो आहे, हे फिलिप्स यांना दिसले. डिसेंबर १९४१ मध्ये, अमेरिका महायुद्धात उतरल्यानंतर काही दिवसांतच, दुसरे आणि मोठे दान जाहीर झाले. व्हिला आणि आणखी जमीन मिळून शिबिराचे क्षेत्र १,२७,३९५ एकर झाले. यात सर्वांत दूरदृष्टीचा भाग वेगळाच होता. इतकी जमीन सांभाळायला पैसा लागणार, हे व्यापारी माणसाला चांगले कळत होते. म्हणून तल्सा शहरातली आपली 'फिलटॉवर' ही उंच कार्यालयीन इमारतही त्यांनी संस्थेला दिली, जेणेकरून तिच्या भाड्यातून रँचचा खर्च निघावा. जमिनी दान देणारे अनेक असतात; ती जमीन पुढे चालावी म्हणून उत्पन्नाची सोय करून देणारे थोडे. या दुसऱ्या दानानंतर शिबिराला फिलमाँट हेच जुने नाव मिळाले. फिलिप्स यांचे २७ जानेवारी १९६४ रोजी निधन झाले.

त्याआधीच रँचचा नकाशा पुन्हा एकदा बदलला होता. १९६३ मध्ये नॉर्टन क्लॅप या उद्योजकांच्या देणगीतून बाल्डी शिखराभोवतीचा सोन्याच्या खाणींचा सुमारे दहा हजार एकरांचा पट्टा विकत घेता आला, आणि सर्वांत उंच शिखर शिबिरात आले. उत्तरेला असलेले वाये व्हिदाल हे विस्तीर्ण खोरे १९८२ मध्ये पेन्झॉइल कंपनीने अमेरिकी सरकारच्या वनखात्याला दिले. ते फिलमाँटच्या मालकीचे नाही, पण वनखात्याच्या परवानगीने तिथेही स्काउटांच्या तुकड्या जातात.

पहिल्या काही वर्षांत शिबिराचे रूप ठरलेले नव्हते. घोडागाड्यांचे तांडे घेऊन केलेल्या सफरी होत्या, घोड्यावरून केलेली भ्रमंती होती, पायी ट्रेक होते. घोड्यावरची भ्रमंती आजही आहे. पण कालांतराने पाठीवर सॅक घेऊन चालणे हाच फिलमाँटचा मुख्य कार्यक्रम बनला. १९५० च्या दशकात रेंजरांची व्यवस्था बसवण्यात आली आणि तिने शिबिराला आजचा आकार दिला. तोवर नवख्या मुलांना डोंगरात कसे वागायचे, हे शिकवण्याचा एकसारखा मार्ग नव्हता. आता प्रत्येक तुकडीला एक रेंजर मिळतो. तो किंवा ती बहुधा महाविद्यालयात शिकणारी तरुण व्यक्ती असते. मुख्य तळावर तुकडीच्या सॅक उघडून नको ते सामान काढायला लावणे, नकाशा आणि होकायंत्र समजावणे, पाणी शुद्ध करणे, तंबू कुठे लावायचा आणि कुठे नाही, पायाला फोड येण्याआधीच पट्टी कशी लावायची, हे सारे रेंजर शिकवतो. पहिले काही दिवस तो बरोबर चालतो. मग एका रात्री तुकडीला कॉब्लर नावाचे फळांचे गोड करून खाऊ घालतो आणि सकाळी निघून जातो. तिथून पुढची वाट मुलांची.

एका तुकडीत साधारण सात ते बारा जण असतात, त्यांत किमान दोन प्रौढ. वयाची अट चौदा पूर्ण, किंवा तेरा पूर्ण आणि आठवी झालेली. तुकडीचा नेता मात्र प्रौढ नसतो. मुलांतूनच एक जण क्रू लीडर निवडला जातो आणि कुठल्या वाटेने जायचे, किती वाजता उठायचे, स्वयंपाक कोण करणार, भांडी कोण घासणार, हे तो ठरवतो. दुसरा एक जण रोजच्या प्रार्थनेची आणि दिवसाच्या आढाव्याची जबाबदारी घेतो, तिसरा निसर्गात कसे वागायचे याकडे लक्ष ठेवतो. बरोबरच्या मोठ्यांना सल्लागार म्हणतात आणि त्यांनी मागे चालावे, अशी अपेक्षा असते. वाट चुकली तरी धोका नसेल तर त्यांनी बोलू नये. मुलगा डोळ्यांदेखत चुकीच्या फाट्याला वळतो आहे आणि बापाने गप्प राहायचे, हे सोपे नाही. फिलमाँटच्या शिक्षणपद्धतीचे मर्म या गप्प राहण्यात आहे. मोठ्यांसाठी एक सोय मात्र आवर्जून ठेवलेली आहे : संध्याकाळी मुक्कामाच्या केबिनच्या ओसरीवर त्यांना कॉफीला बोलावले जाते, आणि देशभरातून आलेले पालक व शिक्षक तिथे आपापल्या तुकड्यांच्या गोष्टी सांगत बसतात.

ट्रेकचे मार्ग आधीच आखलेले असतात आणि त्यांतून तुकडी महिनोन्‌महिने आधी आपला मार्ग निवडते. बारा दिवसांचा मार्ग पन्नास मैलांपासून शंभर मैलांपर्यंत कितीही असू शकतो. अलीकडे सात आणि नऊ दिवसांचेही मार्ग आहेत. पाठीवर पंधरा-वीस किलो वजन असते. शिधा वाळवलेल्या पदार्थांचा, दोघांना पुरेल अशा पिशव्यांत बांधलेला. तीन-चार दिवसांचाच शिधा एका वेळी मिळतो; पुढचा डोंगरातल्या ठरावीक कोठारांतून घ्यावा लागतो, त्यामुळे मार्गाची आखणी या कोठारांभोवतीच होते. काही मुक्कामांवर पाणी नसते. अशा ठिकाणी जाण्याआधी दुपारीच एखाद्या ओढ्यावर जेवण शिजवून घेतात आणि रात्री कोरडे खातात.

फिलमाँटमध्ये काळी अस्वले आहेत, आणि तिथल्या मुक्कामाची सारी शिस्त अस्वलांमुळे घडली आहे. वास येणारी कुठलीही वस्तू तंबूत ठेवायची नाही. खाणेच नव्हे, टूथपेस्ट, साबण, औषधे, रिकामी वेष्टनेही नाहीत. हे सारे पिशव्यांत भरून दोन झाडांमध्ये ताणलेल्या तारेवर उंच टांगायचे, ही इथली पिढ्यांची पद्धत. चुलीची जागा, खरकटे पाणी गाळून ओतण्याची जागा आणि टांगलेल्या पिशव्या हे तीन बिंदू जोडले की जो त्रिकोण होतो, त्यात अस्वल येण्याची शक्यता धरायची, आणि तंबू त्या त्रिकोणाबाहेर लावायचे. भांड्याला चिकटलेले अन्नही टाकून चालत नाही. म्हणून जेवणानंतर भांड्यात थोडे पाणी घालून ते खरवडतात आणि कुणी तरी पिऊन टाकतो. पहिल्या दिवशी नाके मुरडली जातात. चौथ्या दिवशी त्याचे कुणालाच काही वाटत नाही.

दुसरे भान आकाशाचे. जुलै-ऑगस्टमध्ये या भागात मोसमी पावसाच्या सरी येतात आणि दुपारनंतर विजांसह वादळे होतात. म्हणून उंच धारेवर जायचे तर पहाटे निघून दुपारच्या आत उतरायचे, हा नियम. बाल्डी शिखराकडे जाणाऱ्या तुकड्या अंधारातच चालू लागतात. झाडांची रेषा संपल्यावर शेवटचा चढ निसटत्या दगडांचा आहे; बारा हजार फुटांवरच्या विरळ हवेत सपाटीवरून आलेली मुले दहा पावलांवर थांबत तो चढतात.

मुक्काम दोन प्रकारचे असतात. काही ठिकाणी फक्त तंबूंच्या जागा, बाकी काही नाही. तीसहून अधिक ठिकाणी मात्र कर्मचारी राहतात, आणि प्रत्येक जागेचा स्वतःचा काळ आहे. तुकडी केबिनसमोर आली की ओसरीवरून स्वागत होते. स्वागत करणारे तरुण त्या काळाच्या पोशाखात असतात आणि त्या काळचेच बनून बोलतात. क्लिअर क्रीकवर १८३० च्या दशकातले फरचे शिकारी भेटतात. ते बीव्हरचे सापळे दाखवतात, तोंडाकडून दारू ठासून भरायच्या बंदुकीने नेम धरायला देतात, टॉमहॉक फेकायला शिकवतात. सायफर्स माइनवर मुले दिवा घेऊन जुन्या खाणीच्या बोगद्यात शिरतात, भट्टीवर लोखंड तापवून ठोकतात, आणि रात्री खाणकामगारांच्या गाण्या-गोष्टींच्या बैठकीला लाकडी जमिनीवर पाय आपटत ठेका धरतात. फ्रेंच हेन्रीला ओढ्यातली वाळू पातेल्यात फिरवून सोन्याचा कण शोधतात.

पोएब्लानो हा लाकूडतोड्यांचा तळ आहे. एका लाकूड कंपनीचे कामगार इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेचे स्लीपर तासत. मुले काट्यांचे बूट घालून, कमरेला दोर बांधून उंच उभ्या ओंडक्यावर चढतात. मेटकाफ स्टेशनवर रेल्वे टाकणाऱ्या मजुरांसारखे रूळ बसवतात, खिळे ठोकतात. रिच केबिन्स हे ऑस्ट्रियाहून आलेल्या रिच कुटुंबाचे जुने घर. इथे गाय दोहायची, परसबागेत काम करायचे. अब्रेऊला मातीच्या विटा पाडायच्या, जशा तिथली मेक्सिकन कुटुंबे पाडत. फिश कँप ही फिलिप्स यांचीच मासेमारीची विश्रामकुटी. तिथे पिसांचे आणि दोऱ्याचे कृत्रिम माशीचे गळ बांधायला शिकतात आणि रायाडो ओढ्यात ट्राउट पकडतात. मायनर्स पार्क आणि सिमरॉनसितो इथे खडकांवर प्रस्तरारोहण. काही मार्गांवर गाढवे बरोबर घ्यावी लागतात. सामान वाहायचे कष्ट वाचतात, पण गाढव हटून बसले की तुकडीचे सारे नेतृत्वगुण कसाला लागतात. उरॅकाच्या शेकोटीला भुताखेतांच्या गोष्टी ऐकण्यासाठी तुकड्या मुद्दाम मार्ग वळवतात.

यातले काही करमणुकीसाठी आहे, हे खरे. पण एकाच ट्रेकमध्ये मुलगा अपाची, शिकारी, खाणकामगार, लाकूडतोड्या, गुराखी आणि वसाहतवाले यांच्या जागा एकामागून एक पायांनी जोडतो, तेव्हा एकाच जमिनीवर किती जणांनी आपला हक्क सांगितला हे त्याच्या लक्षात येते. पाठ्यपुस्तकात हे प्रकरण वाचून जे होत नाही, ते इथे होते. मूळ रहिवाशांकडून जमीन कशी गेली, ही बाजू मात्र एखाद्या खाणीच्या किंवा लाकूडतळाच्या कथेइतक्या सहजपणे खेळातून सांगता येत नाही, आणि अशा प्रत्येक शिबिरासमोर ती अडचण राहतेच.

खाणकामगारांच्याही खूप आधीचा एक रहिवासी उत्तर पोनिल खोऱ्यात आपली खूण ठेवून गेला आहे. १९८३ मध्ये भूवैज्ञानिक चार्ल्स पिल्मोर यांना तिथे एका दगडात मोठे पाऊल उमटलेले दिसले. पुढे अभ्यासाअंती ते टायरॅनोसॉरस रेक्सचे असल्याचे मत मांडले गेले आणि १९९४ मध्ये त्या ठशाला पिल्मोर यांच्या नावावरून शास्त्रीय नाव देण्यात आले. सुमारे ८३ सेंटिमीटर लांबीचा हा ठसा आता ट्रेकच्या वाटेवरचे एक ठिकाण आहे.

ट्रेक पुरा करणाऱ्याला बाणाच्या टोकाच्या आकाराचे कापडी पदक मिळते. नुसते चालून ते मिळत नाही. वाटेत तुकडीने तीन तास संवर्धनाचे काम करावे लागते : पायवाट दुरुस्त करणे, धूप थांबवण्यासाठी दगड रचणे, जंगल विरळ करणे, ओढ्याचा काठ सावरणे. तीन तास फार नव्हेत. पण हजारो मुलांचे तीन-तीन तास मिळून इथल्या वाटांची मोठी देखभाल होते, आणि आपण बांधलेल्या वाटेवरून पुढच्या वर्षी कुणी तरी चालणार, हे मुलाला ठाऊक असते. ज्यांना अधिक करायचे असते, त्यांच्यासाठी केवळ वाटा बांधणाऱ्या तुकड्या आहेत. त्या दोन-दोन आठवडे डोंगरात राहतात. पुष्कळ मार्गांचा शेवटचा दिवस टूथ ऑफ टाइमच्या धारेवरून येतो. वरून खाली मुख्य तळाचे तंबू दिसतात आणि मुले स्वतःच्या पायांनी तळात उतरतात.

या साऱ्याबरोबर रँचचे रँचपणही टिकले आहे. गुरे, घोडे, गाढवे आणि बायसनांचा कळप आजही इथे पाळला जातो, कुरणांत गवत कापले जाते. व्हिलाच्या परिसरात स्काउट शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र चालते. तिथे येणारे प्रौढ आपले कुटुंबही आणू शकतात. अमेरिकेचे पहिले मुख्य स्काउट, निसर्गलेखक आणि चित्रकार अर्नेस्ट थॉम्पसन सीटन, यांचा चित्रे, पुस्तके व संग्रहित नमुन्यांचा ठेवा त्यांच्या पत्नीने फिलमाँटला दिला आणि त्यासाठी १९६७ मध्ये स्मृतिग्रंथालय उभे राहिले. २०१८ मध्ये स्काउट चळवळीचे राष्ट्रीय संग्रहालयही टेक्सासहून इथे हलवण्यात आले.

मुली इथे १९७० च्या दशकापासून येऊ लागल्या, तेव्हा संस्थेच्या थोरल्या वयोगटाच्या शाखेतून. कर्मचारी म्हणून स्त्रियांची संख्या हळूहळू वाढली. डोंगरातल्या तळांवर आणि रेंजर म्हणून त्यांनी काम सुरू केले. २०१९ मध्ये संस्थेने स्काउटांचा मुख्य कार्यक्रम मुलींना खुला केला, आणि मुलींच्या स्वतंत्र पथकांच्या तुकड्याही आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये संस्थेने स्काउटिंग अमेरिका हे नवे नाव घेतले.

डोंगरातले शिबिर म्हणजे आपत्तीही आल्या. जून १९६५ मध्ये मोठ्या पुराने रस्ते आणि मुक्काम वाहून नेले. जून २००२ मध्ये विजेने लागलेल्या आगीने या परिसरात नव्वद हजारांहून अधिक एकर जंगल जाळले, त्यात फिलमाँटचा मोठा भाग होता. जळालेल्या उतारांवर पाणी मुरत नाही, त्यामुळे आगीमागून पुराचा धोका येतो. २७ जून २०१५ च्या पहाटे उत्तर पोनिल खोऱ्यात अचानक लोंढा आला आणि कॅलिफोर्नियाच्या एका तुकडीतली चार मुले तंबूंसह वाहून गेली. तिघे वाचले, तेरा वर्षांच्या एकाचा मृत्यू झाला. ओढ्याच्या पात्रात आणि पूररेषेत तंबू लावण्याबाबतचे नियम त्यानंतर अधिक कडक झाले.

३१ मे २०१८ रोजी ऊट पार्कजवळ आग लागली. ती ३६ हजारांहून अधिक एकरांत पसरली आणि त्यातला बहुतांश भाग फिलमाँटचा होता. हंगाम नुकताच सुरू होणार होता, त्यामुळे डोंगरात मुले नव्हती आणि कुणाला इजा झाली नाही. पण त्या उन्हाळ्यातले सारे ट्रेक रद्द करावे लागले. शिबिराच्या इतिहासात असे प्रथमच घडले. एक उन्हाळा सावरून झाला, आणि २०२० मध्ये कोविडमुळे पुन्हा वाटा ओस पडल्या.

त्याच २०२० च्या फेब्रुवारीत मोठे संकट संस्थेवर आले. लहानपणी स्काउट नेत्यांनी लैंगिक अत्याचार केल्याचे सांगणाऱ्यांचे दावे वाढत गेले आणि बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकाने न्यायालयाकडे दिवाळखोरीचा अर्ज केला. ८२ हजारांहून अधिक जणांनी दावे दाखल केले. मुलांना ज्यांच्या भरवशावर पाठवले होते त्यांनीच दगा दिला, ही गोष्ट या चळवळीचा कुठलाही इतिहास लिहिताना वगळता येणार नाही. संस्थेची मालमत्ता विकली जाणार का, या चर्चेत फिलमाँटचे नाव पुढे होते. रँच आधीच कर्जासाठी तारण ठेवलेले होते. एप्रिल २०२३ मध्ये पीडितांच्या भरपाईसाठी २.४६ अब्ज डॉलरच्या निधीची योजना अमलात आली, आणि फिलमाँट संस्थेकडेच राहिले. मुलांच्या संरक्षणाचे नियम आता इथल्या प्रत्येक कामात लागू आहेत : तुकडीत किमान दोन प्रौढ, मूल आणि प्रौढ कधीही एकटे नाहीत, तंबू वेगळे, आणि साऱ्या प्रौढांना आधी प्रशिक्षण.

२०२१ मध्ये ट्रेक पुन्हा सुरू झाले. २०१८ च्या आगीत जळालेल्या उतारांवर काळे पडलेले वृक्ष तोडणे, धूप रोखणे आणि वाहून गेलेल्या पायवाटा नव्याने आखणे हे त्यानंतरच्या उन्हाळ्यांत संवर्धनकामाचा मोठा भाग बनले. संवर्धनाचे तीन तास भरायला आलेल्या अनेक तुकड्यांनी ते याच जळक्या उतारांवर भरले.